कापसाच्या खोलीतलं मशीन

दिवाळी झाली की आमच्याकडे घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा लागते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, वेचणी जोरात, भाव मात्र पडलेला. अशा वेळी माल विकण्यापेक्षा घरात भरून ठेवणं बरं, असं ज्याला त्याला वाटतं. आधी मागची खोली भरते, मग माजघर, मग पाहुण्यांची खोली. काही घरांत कापूस आढ्याला टेकतो आणि माणसं छपरीत झोपतात. भाव चढेल, खरेदी केंद्रावर नंबर लागेल, या आशेवर तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुक्काम ठोकून असतो.

अशाच हिवाळ्यात, अशाच भरलेल्या घरात, मोठ्या आईसाठी ऑक्सिजनचं मशीन आलं.

मोठी आई आता शहात्तरची. तिने आयुष्यात बिडी ओढली नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती चिडलीच, "मी कायले ओढू? बुढा ओढे." मग डॉक्टरांनी चुलीचं विचारलं. चूल कधीपासून? "लगन होऊन आली तवापासून." कापूस निघून गेला की उरतात त्या पऱ्हाट्या, आणि तुरीच्या तुराट्या. फुकटचं सरपण. बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात त्या धुरात जवारीच्या भाकरी थापून थापून फुप्फुसांचं जे व्हायचं ते झालं. गॅस आला, पण भाकर चुलीवरचीच हवी असायची. घरातल्या पुरुषांनाही आणि खरं सांगायचं तर तिलाही. फायलीवर 'सीओपीडी' लिहिलं होतं. श्वासनळ्या आकसलेल्या, फुप्फुसांतली हवेची कप्पेदार जाळी फाटलेली. ते परत जुळत नाही.

बसल्या जागी बोटावरच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८४-८५ टक्के दिसायचा. औषधं, पंप सगळं नीट सुरू असूनही आकडा ८८ च्या वर जाईना, तेव्हा रक्ताची तपासणी करून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: ऑक्सिजन, मिनिटाला २ लिटर, रोज किमान १५ ते १६ तास, झोपेचे तास धरून. गोळ्या लिहितात तसंच, मात्रा आणि वेळेसकट.

हे १५ तास कुठून आले? १९८० मध्ये अमेरिकेत आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच रुग्णांवर झालेले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ब्रिटिश अभ्यासात दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घेणारे, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. अमेरिकन अभ्यासात फक्त रात्री बारा तास घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, जवळपास दिवसभर घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. म्हणजे गुण तासांत आहे. दम लागला की दहा मिनिटं नळी लावायची आणि बरं वाटलं की काढून खुंटीला टांगायची, याने मनाला धीर येतो, आयुष्य वाढत नाही. गावात मात्र ऑक्सिजन वापरायची हीच रीत सगळ्यांना ठाऊक, कारण कोरोनात सगळ्यांनी तो शेवटच्या घटकेलाच लावलेला पाहिला. त्यामुळे मशीन दारात उतरलं तेव्हा शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावूनच आल्या. मोठी आई छपरीत शेंगा फोडत बसली होती. "मी मेली नाही अजून," ती म्हणाली, "चहा पेते काय?"

पाच लिटरचं मशीन, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं. चाकांवरचं, पंधरा-सोळा किलोचं धूड. एका बाजूने हवा ओढतं आणि दुसऱ्या बाजूने नळीतून सोडतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी मलाच धरलं. "सर, हे ऑक्सिजन बनवते कायचा? पानी टाकलं हाय त्याचा काय?" बाटलीतल्या पाण्याचा आणि ऑक्सिजनचा काही संबंध नाही, ते पाणी नाक कोरडं पडू नये म्हणून. मशीन हवेतला ऑक्सिजन वेगळा करतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि साधारण १ टक्का आर्गॉन. नायट्रोजन बाजूला काढला की उरतो तो बहुतेक ऑक्सिजनच.

नायट्रोजन बाजूला काढणारा पदार्थ म्हणजे झिओलाइट. आतल्या दोन नळकांड्यांत त्याचे मोहरीएवढे दाणे ठासून भरलेले असतात. कॉम्प्रेसर हवा दाबून एका नळकांड्यात सोडतो. दाबाखाली नायट्रोजन त्या दाण्यांच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटून बसतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. पुष्कळ ठिकाणी याला 'चाळणी' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की नायट्रोजन मोठा म्हणून अडकला. तसं नाही. त्या छिद्रांत दोन्ही वायू आरामात शिरतात. पण झिओलाइटमधल्या सोडियम किंवा लिथियमच्या आयनांची विद्युत ओढ नायट्रोजनला जास्त लागते, म्हणून तो धरला जातो. काही सेकंदांत दाणे भरतात. मग झडप फिरते, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते, पहिल्याचा दाब सुटतो आणि धरलेला नायट्रोजन फुस्सकन बाहेर पडतो. उखळात दोघी बाया मुसळ घालतात तेव्हा एकीचं वर जातं आणि दुसरीचं खाली येतं, तसं हे आळीपाळीने रात्रंदिवस चालतं. मशीनचा तो ठरावीक उसासा याचाच.

नळीत जे येतं ते साधारण ९० ते ९६ टक्के. शंभर कधीच होत नाही, कारण आर्गॉन ऑक्सिजनसोबतच निसटतो आणि तिथे त्याचं प्रमाण चार-पाच टक्क्यांवर जातं. पण हा आकडाही नाकापर्यंतचाच. आपण शांत बसलो तरी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. त्यात मशीनच्या दोन लिटरांपैकी श्वास आत घेताना येतो तेवढाच भाग मिसळतो, आणि छातीत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन होतो २८ टक्क्यांच्या आसपास. एकवीसचे अठ्ठावीस. एवढ्याच फरकावर एक माणूस अंगणात चालू शकतो.

दादाच्या सासऱ्यांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "दारं लावून झोपलं तर खोलीतला ऑक्सिजन संपन नाही का?" अगदी रास्त शंका. पण मशीन जो नायट्रोजन वेगळा करतं तो त्याच खोलीत परत सोडतं, आणि माणूस श्वासातून न वापरलेला ऑक्सिजनही तिथेच सोडतो. खर्च होतो तो शरीराने वापरला तेवढाच, मशीन असो वा नसो. तरी दार थोडं उघडं ठेवावं, कारण कॉम्प्रेसर तापतो.

झिओलाइट हे काही परदेशी नवल नाही. माझ्या आजोळी, मेहकरकडे, विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे, काचेसारखे चकाकणारे खडे निघायचे आणि आम्ही पोरं ते खिशात भरायचो. त्यातले कितीतरी झिओलाइटच्याच जातीचे. दख्खनच्या बेसाल्टमधले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आमच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र दगडच लागत नाही. मशीनमधले दाणे कारखान्यात बनवलेले असतात. रॉबर्ट मिल्टन यांनी १९५० च्या आसपास युनियन कार्बाइडमध्ये ते तयार करायची वाट काढली. दाब वाढवून-घटवून वायू वेगळे करायच्या पद्धतीचं पेटंट चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना १९६० मध्ये मिळालं. घरात ठेवायची मशिनं त्यानंतर आली.

आता घराकडे येऊ. मशीनसोबतच्या पुस्तिकेत जे घर गृहीत धरलेलं असतं ते आमचं नव्हे. भिंतीपासून फूटभर लांब, धूळ नसलेल्या, हवेशीर खोलीत ठेवा. तापमान ४० अंशांच्या आत असावं. ओलावा नको. दहा फुटांत आग नको.

पहिल्या आठवड्यात वहिनीने हवेचा फिल्टर काढून दाखवला. काळा स्पंज पांढरा झाला होता. बोटाने सोललं तर कापसाच्या तंतूंचा अख्खा पापुद्रा सुटून आला, मध्ये एक सरकीचं फोलपट. मशीनचं नाक बंद झालं तर कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि ऑक्सिजन उतरतो. पण मला भीती आगीची होती. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला मात्र पिसाळवतो. नळी नाकातून काढली, मशीन सुरूच ठेवलं आणि नळी वाकळीवर पडली, तर वाकळीत ऑक्सिजन मुरत राहतो. तिथे ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. आणि इथे वाकळीच्या पलीकडे क्विंटलांनी कापूस, कोनाड्यात देवघर, देवघरात सांजवात.

दादाला म्हटलं, एक तर कापूस हलव नाही तर म्हातारीला. दादाने भावाचं गणित मांडलं. मीही शेतकऱ्याच्याच घरातला, मला ते कळतं. पण त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. शेवटी वहिनीने तोडगा काढला. मोठ्या आईची खाट आणि मशीन रस्त्याकडच्या खोलीत, कापूस मागे, मध्ये बंद दार. देव स्वयंपाकघरात गेले. नाकाला व्हॅसलिन आणि खोबरेल बंद, कारण तेल आणि ऑक्सिजनचं जमत नाही. छपरीत बिडी पेटवणाऱ्या पाहुण्याला आता घरातलं शेंबडं पोरही हटकतं. देव हलवले याचा राग मोठ्या आईने महिनाभर धरला.

नळीचंही एक शास्त्र आहे. पन्नास फुटांपर्यंत चालते, म्हणजे खाटेपासून मोरीपर्यंत आणि छपरीपर्यंत माणूस फिरू शकतो. पण तीवर कोणी खाटेचा पाय ठेवतो, कधी बकरी चघळते. पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नसेल तर उकळून गार केलेलं, रोज बदलायचं. आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमच्या बोअरचं पाणी उकळलं तरी खारटच, ते त्यात घालायचं नाही.

लाईनचं सांगायलाच हवं. गावठाणची लाईन शेतीच्या लाईनपासून वेगळी झाली तेव्हापासून बरं आहे, तरी वादळात डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, गेली की दोन दिवस कोणी विचारत नाही. मशीन खातं साधारण ३५० वॅट. टीव्ही-पंख्याच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर कागदावर चार तास, जुनी असेल तर दोन. म्हणून कोपऱ्यात एक जम्बो सिलिंडर साखळीने बांधून ठेवला आहे: ७,००० लिटर, मिनिटाला दोनने ५८ तास. व्होल्टेज संध्याकाळी पडतं म्हणून स्टॅबिलायझर. आणि बिल! ३५० वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोजचे ५.६ युनिट, महिन्याचे १६८. शंभर युनिटांच्या आतलं घर एका फटक्यात पुढच्या, महाग स्लॅबमध्ये जातं. औषधाचा हा खर्च कोणत्याही मेडिकलच्या पावतीवर येत नाही, म्हणून कोणी तो धरतही नाही. मला विचाराल तर १५ तासांचे आठ तास इथेच होतात. "आता बरं वाटते, बंद कर बाप्पा, मीटर पळते," हे वाक्य मी मोठ्या आईच्या तोंडून फार वेळा ऐकलंय.

आधी भाड्याने आणलेल्या मशीनवर पिवळा दिवा लागायचा. दुकानदार म्हणाला, तो असाच लागतो. असाच लागत नाही. ऑक्सिजन ८२-८५ टक्क्यांच्या खाली आला की लागतो. ते मशीन कोरोनानंतर कुठल्यातरी गोदामात पडून होतं, आणि बंद मशीनच्या दाण्यांना ओल लागते. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याचं वेड कितीतरी जास्त. एकदा पाणी धरलं की तिथे नायट्रोजनला जागा उरत नाही. पुढच्या बाजूने वारा येत राहतो, त्यात ऑक्सिजन मात्र हवा तेवढा नसतो. कोणाकडे दान आलेलं मशीन गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असेल, तर ते अधूनमधून चालवावं आणि वापरण्याआधी ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाने तपासून घ्यावं.

हीच अडचण उन्हाळ्यात उलटी होते. नवतप्यात आमच्या टिनाखाली दुपारी मशीनची ४० अंशांची मर्यादा कधीच मागे पडते. उपाय म्हणजे कूलर. आणि कूलर म्हणजे ओली हवा. मशीन कूलरच्या झोतात ठेवलं तर ओल जाते, झोताबाहेर ठेवलं तर तापून कोकलतं. मधली जागा आम्ही शोधली: कूलर खिडकीत, मशीन समोरच्या दाराच्या आडोशाला. माणसाला झोत, मशीनला त्याची झुळूक.

जावई आले की हमखास नॉब वाढवायला जातात. "आकडा नव्वदच दाखवते, पाचवर टाका नं." सीओपीडीच्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरतात आणि तेवढेच ठेवायचे असतात. काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी येणं ही त्याची लक्षणं. बोटावर ९९ दिसत असताना माणूस बेशुद्धीकडे सरकलेला असू शकतो. नॉबवर वहिनीने चिकटपट्टी लावली आहे.

मग पुण्याच्या नातवाचा फोन आला. मोठं मशीन परत करा, मी छोटं पोर्टेबल पाठवतो, खांद्याला अडकवायचं. पाच लिटरवालं चाळीस-पन्नास हजारांच्या घरात मिळतं, हे लाखाच्या बरंच पुढे. महाग ते चांगलं, अशी सगळ्यांची समजूत.

पोर्टेबल आतून तेच आहे: तोच झिओलाइट, तेच दाबाचं चक्र, फक्त लहान. वजन दोन-तीन किलो, मग ते मिनिटाला ऑक्सिजन तरी किती काढणार? बहुतेक एक लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तरी ते पुरतं, कारण ते सतत सोडत नाही. मोठं मशीन आपण श्वास सोडत असतानाही ओततच असतं आणि तेवढं वाया जातं. छोट्याला नाकातली ओढ कळते. श्वास सुरू होताच ते एक झुळूक सोडतं, कारण श्वासाचा पहिला भागच खोल फुप्फुसात पोचतो, शेवटचा श्वासनळीतच राहून परत येतो. युक्ती खरोखर सुंदर आहे. पण त्यावरचे १, २, ३ हे लिटर नव्हेत, ते झुळकीचे टप्पे. मोठ्यावरचे दोन आणि छोट्यावरचे दोन यांचा हिशेब जुळत नाही. शिवाय काही मशिनं मिनिटाचा कोटा ठरवून चालतात. चालताना श्वास वाढला की प्रत्येक झुळूक लहान होते, नेमकी गरज असते तेव्हाच.

डॉक्टरांनी मोठ्या आईला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवून पाहिलं. खांद्याला भाड्याचं पोर्टेबल, बोटाला ऑक्सिमीटर. दोनवर ती भिंतीपर्यंत जाऊन वळली तोवर ८५. तीनवर ८९-९० टिकले. मग तिची तीन ठरली. रात्रीसाठी डॉक्टरांनी नाही म्हटलं: झोपेत ती तोंड उघडते, श्वास उथळ होतो, मशीनला ओढ कळत नाही. म्हणजे मोठं घरी राहणारच. नातवाला हे फोनवर समजावणं हे व्हरांड्यातल्या चालण्यापेक्षा दमवणारं होतं.

पोर्टेबल विकत घेतलं नाही, लागेल तेव्हा भाड्याने आणतो. पहिल्यांदा आणलं ते शेगावसाठी. बॅटरीचे चार तास लिहिलेले, ते कमी टप्प्यावरचे. तीनवर अडीच धरले, एक जादा बॅटरी घेतली आणि भक्तनिवासात पोचताच आधी प्लग शोधला. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे तिला एसटी फुकट, त्याचा तिला मशीनपेक्षा जास्त अभिमान. शेजारी बोरगावची एक बाई बसली आणि दोघींचं सुरू झालं, सरकीचा भाव, सुनांचा भाव. मोठी आई बोलत राहिली, श्वास तोंडाने. मशीनला नाकात ओढ मिळेना, ते कोकलायला लागलं. कंडक्टरने मागे वळून पाहिलं. "मी बोलली का हे बोंबलते," तिने सगळ्या गाडीला सांगितलं. "याले चूप बसलेली बाई पायजे."

आता पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरला भाचीचं लग्न आहे. पोर्टेबल सांगून ठेवलंय, बॅटऱ्या दोन. एकच अट घातली आहे, आचाऱ्याच्या भट्ट्यांपासून लांब, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं. ती म्हणते, मग लग्नाले जाऊन करू काय, वरणात मीठ किती टाकलं ते कोन पाहीन?